पहाडी स्टेशन कुठे गेले?

आरे हे नाव मुंबईच्या रेल्वे-नकाशावर आज दोनदा येते. मेट्रो ७ वरचे ‘आरे’ स्टेशन २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिल रोजी, सुरू झाले आणि मेट्रो ३ चे ‘आरे जेव्हीएलआर’ ऑक्टोबर २०२४ मध्ये. शेजारच्या पहाडी गावाचे नशीब नेमके उलटे निघाले. त्याच्या नावाचे स्टेशन दीडशे वर्षांपूर्वी होते, आज नाही. आरे दूध वसाहतीची उभारणी १९४९ मध्ये सुरू झाली, तेव्हा जी गावे तिच्या हद्दीत आली त्यांत आरे, साई, मरोळ-मरोशी, पासपोली यांच्याबरोबर पहाडी गोरेगावही होते. गोठे बांधले जाण्याच्या ऐंशी वर्षे आधी या टापूला स्वतःच्या नावाचे स्टेशन होते आणि तिथे आगगाडी थांबत होती.

त्या स्टेशनाचा पुरावा एका यादीत आहे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडची ‘बीबीसीआय’, हिची पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत आली. सकाळी निघायची, संध्याकाळी परतायची; दिवसाला एकच फेरी. तिचे थांबे असे दिले जातात: नीला, बसिन, पांजू, बेरेवला, पहाडी, अंदारू, सांताक्रूझ, बांदोरा, माहीम, दादर, ग्रँट रोड. नीला म्हणजे नालासोपारा, बसिन म्हणजे वसई, बेरेवला म्हणजे बोरिवली, अंदारू म्हणजे अंधेरी आणि बांदोरा म्हणजे वांद्रे, हे थोड्या विचाराने ओळखू येते. विलेपार्ले, जोगेश्वरी, कांदिवली, दहिसर यांचा यादीत पत्ताच नाही. अडखळायला होते ते दोन नावांपाशी: पांजू आणि पहाडी.

पहाडी म्हणजे आजचे गोरेगाव, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते बहुधा बरोबर आहे. पण स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात ‘सर्वत्र सांगितले जाते’ याला फारशी किंमत नसते. एकाने छापलेली यादी दहा पुस्तकांनी उतरवून घेतली, तरी साक्षीदार एकच राहतो. म्हणून पहिले काम म्हणजे यादीच्या मागे जाऊन मूळ कागद गाठणे. रेल्वेच्या बाबतीत हा मूळ कागद बहुतेक वेळा वेळापत्रकाचा असतो. कंपनीची स्वतःची वेळापत्रके होतीच; शिवाय कलकत्त्याची न्यूमन कंपनी देशभरच्या गाड्यांची ‘इंडियन ब्रॅडशॉ’ ही पुस्तिका काढत असे. अशी वेळापत्रके शिळी झाली की रद्दीत जातात, त्यामुळे सलग संच क्वचित मिळतो. पण सलग संचाची गरजही नसते. एका अंकात पहाडी आहे आणि नंतरच्या अंकात गोरेगाव आहे, असे दोन अंक सापडले की नाव कोणत्या काळात बदलले याची कक्षा ठरते. मधला एखादा अंक हाती लागला की ती आणखी आवळते.

वेळापत्रकात नावापेक्षा उपयोगी गोष्ट असते ती अंतराची. प्रत्येक स्टेशनापुढे मैल छापलेले असत. नाव बदलले तरी मैल तोच राहिला, तर स्टेशन जागेवरच आहे, फक्त पाटी बदलली. मैल बदलला तर स्टेशन सरकले. इथे एक खाचखळगा आहे. बीबीसीआयचे मुंबईतले शेवटचे स्टेशन पहिल्या दहा वर्षांत सारखे दक्षिणेकडे सरकत होते. १८६४ मध्ये गाडी ग्रँट रोडपर्यंत येई. पुढे बॅकबे, १८७० मध्ये चर्चगेट आणि १८७३ मध्ये कुलाबा. मैल मोजायला सुरुवात कुठून केली यावर आकडा ठरणार. त्यामुळे मुंबईच्या टोकाकडून मोजण्यात अर्थ नाही. ज्यांच्या जागेबद्दल वाद नाही अशा दोन स्टेशनांमधले अंतर घ्यावे लागते. अंधेरी ते बोरिवली आज सुमारे १२ किलोमीटर, आणि त्यात गोरेगाव अंधेरीपासून सुमारे ५ किलोमीटरवर, म्हणजे तीन मैलांहून थोडे पुढे. जुन्या वेळापत्रकात अंदारू आणि पहाडी यांच्या आकड्यांत एवढाच फरक असेल, तर ‘पहाडी म्हणजे गोरेगाव’ हे सांगोवांगीचे न राहता सिद्ध होते. असे साधे वजाबाकीचे गणित पुष्कळ भावुक लेखांपेक्षा जास्त सांगून जाते.

शोधताना नावाचे स्पेलिंग हा दुसरा फास. मराठीतला दोन स्वरांमधला ‘ड’ इंग्रज कारकुनाला कधी ‘ड’ वाटे, कधी ‘र’. त्यामुळे रोमन लिपीत हे गाव ‘पहाडी’ही असू शकते आणि ‘पहारी’ही; शेवटचा ईकारही दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जाई. संगणकावर शोध घेणाऱ्याने एकच रूप टाकून ‘काही सापडत नाही’ म्हणून उठू नये. मराठीत शोधणाऱ्याची पंचाईत वेगळीच असते: ‘पहाडी’ म्हटले की सह्याद्रीपासून हिमालयापर्यंतचे सगळे डोंगर समोर येऊन उभे राहतात.

कागद कुठे असतील, हे रेल्वे कशी बांधली गेली त्यावर अवलंबून असते. सुरुवातीच्या कंपन्या लंडनमध्ये नोंदलेल्या होत्या. भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती आणि रुळांसाठी लागणारी जमीनही सरकारच संपादन करून फुकट देत असे. त्यामुळे एकाच स्टेशनाचा इतिहास दोन ठिकाणी वाटला गेला. कंपनीच्या संचालक मंडळाचे आणि सरकारशी झालेल्या पत्रव्यवहाराचे कागद लंडनला, ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दफ्तरात. जमिनीचे आणि बांधकामाचे कागद मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात. ते आज काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात पाहायला मिळतात. लंडनला जाणे प्रत्येकाला परवडणारे नाही, पण जमिनीची फाइल काळा घोड्याला आहे, आणि स्थानिक इतिहासासाठी खरे मोल तिचेच. कंपनीच्या अहवालात पहाडी हा एक थांबा असतो. संपादनाच्या कागदात कोणाचे शेत गेले, कोणते झाड तोडले, कोणत्या विहिरीबद्दल तक्रार आली, हे सगळे येते.

गोरेगावच्या बाबतीत जिल्ह्यांची उलथापालथही ध्यानात ठेवावी लागते. १८६७ मध्ये गोरेगावसह सारे साष्टी (साल्सेट) बेट ठाणे जिल्ह्याचा भाग होते. म्हणून १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर हा या शोधातला अटळ ग्रंथ. त्याचा तेरावा खंड दोन भागांत आहे, गावांची माहिती चौदाव्या खंडात आहे, आणि रेल्वेची माहिती एका जागी न मिळता दळणवळण, व्यापार आणि गावे अशा वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेली सापडते. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. १९५७ मध्ये गोरेगाव बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला तो १९९० मध्ये. कारभाराचे घर असे बदलत गेले; प्रत्येक बदलाच्या वेळी दप्तरे हलतात, काही मागे राहतात, काही गहाळ होतात. एखादा कागद वांद्र्याला, उपनगर जिल्ह्याच्या कचेरीत, नाही म्हणजे तो नाहीच, असे समजू नये, ठाण्याला विचारावे.

नकाशांकडे वळायचे तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांपैकी ४७ ए/१६ हे या भागाचे. एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणावर स्टेशन, खाडी, टेकडी, पायवाट सगळे दिसते. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन वर्षे छापलेली असतात, पाहणीचे आणि छपाईचे, आणि या दोहोंत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. पाहणीचे साल हेच खरे. शिवाय एका नकाशावरून दुसरा काढण्याची पद्धत असल्यामुळे बंद पडलेला रस्ता किंवा मार्ग कागदावर पुढे बरीच वर्षे जिवंत राहतो.

पांजूची गोष्ट थोडक्यात संपते, पण ती चटका लावणारी आहे. नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये वसईच्या खाडीत पांजू नावाचे बेट आहे. रेल्वे त्याच्या एका अंगाने खाडी ओलांडून चढते आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा पुलावर जाते. दोन्ही पुलांना रेल्वेच्या हिशेबात ७३ आणि ७५ हे क्रमांक आहेत. इथे मार्ग तोच, बेट तेच, गावाचे नावही तेच, फक्त स्टेशन गेले. दिवसभर लोकल गाड्या बेटावरून जातात आणि गावकरी नायगाव गाठायला होडीत बसतात. १८६७ ची यादी पांजूच्या माणसापुढे ठेवली, तर तो तिच्याकडे इतिहास म्हणून पाहणार नाही, मागणीपत्र म्हणून पाहील.

खरा अवघड शोध मात्र आरेच्या दक्षिणेला, विमानतळाच्या बाजूला आहे. तिथे स्टेशनच काय, अख्खा मार्ग नाहीसा झाला. साष्टी–ट्रॉम्बे रेल्वे १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरून अंधेरीला जाणारा हा १३ किलोमीटरचा मार्ग बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टसाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने बांधला आणि चालवला. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या या ट्रस्टचे काम शहरातली दाटी मोडून नव्या वस्त्या वसवणे हे होते, आणि वस्ती वसवायची तर आधी गाडी हवी, हा त्यामागचा सरळ हिशेब. कुर्ला–चेंबूर हा तुकडा त्याआधीचा होता. १९०६ मध्ये तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी टाकला आणि १९२४ मध्ये त्यावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. कुर्ल्याच्या पश्चिमेकडची बाजू नवी होती. ती मिठी नदी ओलांडून कालिना, कोलेकल्याण करत अंधेरीला पोहोचे.

सहा वर्षांचे आयुष्य हे संशोधकाच्या दृष्टीने फारच थोडे. नकाशांच्या दोन पाहण्यांमध्ये याहून मोठा काळ जातो, म्हणजे मार्ग जन्मून मेला तरी एकाही नकाशावर न येण्याचा संभव. वार्षिक अहवाल निघणार ते सहाच. १९३४ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज शंभरी ओलांडलेले, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेले सांगणारे जवळजवळ कोणी उरले नाही. उरली आहे ती ‘बाबा सांगायचे’ अशी दुसऱ्या हातची आठवण. अशी आठवण टाकाऊ नसते, फक्त ती कशी विचारावी हे कळायला हवे. ‘ठेसन कोणत्या साली बंद झाले?’ याला उत्तर मिळत नाही, मिळाले तर चुकीचे मिळते. कोणाच्या लग्नाला गाडीने गेले, भाजी कुर्ल्याला कशी जाई, रूळ ओलांडून शेतात जायला वाट कुठे होती, असे विचारले की जागा आपोआप बोलू लागते. कोलेकल्याणच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांमध्ये आणि आवर लेडी ऑफ इजिप्त या तिथल्या जुन्या चर्चच्या नोंदींमध्ये अशा धाग्यांची शक्यता जास्त, कारण ही वस्ती मार्गाच्या आधीपासून तिथेच आहे.

या मार्गाच्या नावांनीही बऱ्याच जणांना चकवले आहे. त्याला ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’ असेही म्हणत. रेल्वेचा कायदा १८९० चा, ट्रामचा १८८६ चा. सरकारी फायलींचे मथळेही त्यानुसार वेगळे. फक्त रेल्वेच्या सूची चाळणाऱ्याच्या हातून निम्मे कागद निसटू शकतात. ट्रॉम्बेचे मराठी नाव तुर्भे, आणि आज तुर्भे म्हटले की नवी मुंबईतले स्टेशन डोळ्यांपुढे येते. कोलेकल्याणमधल्या कल्याणाने तर सूची करणाऱ्यांचीही फसगत व्हावी.

हा मार्ग का बंद पडला, याचे प्रचलित उत्तर एका वाक्याचे आहे: सांताक्रूझचा विमानतळ आडवा आला. जागेच्या दृष्टीने ते पटते. कुर्ल्याहून अंधेरीला काढलेली रेघ विमानतळाच्या आजच्या हद्दीतूनच जाणार. पण कालक्रम तपासल्याशिवाय ते स्वीकारू नये. जुहूची धावपट्टी १९२८ ची. सांताक्रूझचा तळ तिसाव्या दशकात बांधला गेला आणि त्याचा खरा विस्तार दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश हवाई दलाची पथके तिथे आली तेव्हा झाला. गाडी बंद झाली १९३४ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, १९३३ मध्ये, ज्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टसाठी हा मार्ग होता, तो ट्रस्टच महापालिकेत विलीन झाला. काळ जगभर मंदीचा होता. या गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की ‘विमानतळामुळे’ हे उत्तर जरा घाईचे वाटू लागते. गाडी बंद होणे, रूळ उचलले जाणे आणि जमीन दुसऱ्या कामाला लागणे या तीन वेगळ्या घटना असतात. लोकांच्या आठवणीत त्या एकमेकींत मिसळतात आणि शेवटची घटना पहिलीचे कारण होऊन बसते. याचा निवाडा करणारी तारीख राजपत्रात असते. मार्ग सुरू करणे, बंद करणे, जमीन घेणे, हस्तांतरित करणे या सगळ्यांच्या अधिसूचना तिथे छापल्या जातात, आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्यांपेक्षा त्या जास्त विश्वासाच्या.

मालक तीन असल्यामुळे या मार्गाचे दप्तरही तीन दिशांना गेले: ट्रस्टचे महापालिकेकडे, जीआयपीचे १९५१ नंतर मध्य रेल्वेकडे आणि जमिनीचे विमानतळाबरोबर. पूर्वेकडचा भाग मात्र वाचला. कुर्ला, चेंबूर, मानखुर्द ही आज हार्बर मार्गावरची स्टेशने आहेत, आणि त्यांतून रोज जाणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की हा मार्ग एके काळी अंधेरीपर्यंत जात होता. पूर्व-पश्चिम उपनगरांना मधून जोडणारी गाडी पुन्हा आली ती ८ जून २०१४ रोजी, घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा मेट्रोच्या रूपाने. तिची लांबी ११.४ किलोमीटर. मधली ऐंशी वर्षे बस आणि रिक्षा यांच्यावर गेली.

प्रत्यक्ष जागेवर काय शोधावे? इतक्या दाट वस्तीत फलाटाचा दगड मिळण्याची आशा धरू नये. पण जमिनीचे तुकडे हट्टी असतात. रेल्वेची पट्टी लांब, अरुंद आणि एका संथ वळणाची असते. रूळ गेले तरी तिच्या दोन्ही कडेच्या मालकांच्या हद्दी तशाच राहतात. नगर भूमापनाच्या नकाशात सगळे भूखंड चौकोनी असताना एखादी ओळ तिरकी, वळत गेलेली दिसली, इमारतींच्या कुंपणभिंती एकाच कोनात कापलेल्या दिसल्या, की तिथे थांबून पाहावे. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, म्हणून स्टेशनाजवळ विहीर असे. मोऱ्या बुजवल्या तरी पावसाळ्यात पाणी जुन्याच वाटेने जाते. उचललेले रूळ कुंपणाचे आणि छपराचे खांब म्हणून दुसरा जन्म घेतात. रुळाचा आडवा छेद एकदा ओळखीचा झाला की तो लपत नाही. कोलेकल्याण स्टेशनाची जागा कालिन्याच्या एअर इंडिया वसाहतीच्या परिसरात सांगितली जाते. अशा सांगण्याची कसोटी भूमापन नकाशावरच लागते.

याउलट कुलाबा स्टेशनाचा शोध घेणे म्हणजे सुखाचे काम. ते १८७३ पासून १९३० च्या अखेरपर्यंत चालले, बीबीसीआयचे मुंबईतले मानाचे टोक होते, त्याची छायाचित्रे, चित्रे, वर्णने विपुल आहेत. त्याच डिसेंबरात मुंबई सेंट्रल सुरू झाले आणि नंतर कुलाबा–चर्चगेट रूळ निघाले. त्या जागेवर आज रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत आहे. जमीन रेल्वेने सोडली नाही, म्हणून कागदही तिच्याकडे राहिले. मोठ्या स्टेशनाचा इतिहास त्याच्या मृत्यूनंतरही सांभाळला जातो, पहाडी आणि कोलेकल्याणच्या वाट्याला ते भाग्य येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोहोचली. आरेहून निघणारा हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग विमानतळाखालून, सांताक्रूझ-कालिन्याच्या बाजूने, थेट जुन्या कुलाबा स्टेशनाच्या शेजारात जातो. पहाडीचा शेजार, कोलेकल्याणचा शेजार, कुलाब्याचा शेजार एकाच तिकिटात. ठरवून असे कोणी केलेले नाही. आणि आरेच्या या नव्या स्टेशनाचा इतिहास शंभर वर्षांनी लिहिणाऱ्याला कागदांचा तुटवडा मुळीच पडणार नाही: आरेतल्या मेट्रो कारशेडच्या जागेवरून उभे राहिलेले आंदोलन, २०१९ ची वृक्षतोड आणि न्यायालयांतली प्रकरणे यांनी एवढे दप्तर तयार करून ठेवले आहे की त्याची अडचण निवड करण्याची असेल.

पहाडीचा शोध घेऊ इच्छिणाऱ्या गोरेगावकराने लंडनपासून सुरुवात करू नये. आपल्या इमारतीचे मालमत्ता पत्रक काढावे, गोरेगावच्या नगर भूमापन कार्यालयात ते मिळते, आणि त्यावर गावाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचावे. बऱ्याच पत्रकांवर तिथे आजही ‘पहाडी गोरेगाव’ असेच आहे.